पूर्वेचं आभाळ: घानातल्या व्ली धबधब्यावरची एक सहल (प्रकरण अभ्यास)

घानाच्या पूर्व टोकाला, टोगोच्या सीमेवरच्या डोंगररांगेत व्ली धबधबा आहे. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी टेमाहून तिथे गेलेल्या सात मराठी माणसांची ही हकीकत. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही. डोंगरातल्या सुरक्षिततेबद्दल शिकवायला मला अशीच प्रकरणं जास्त उपयोगी वाटतात. मोठा अपघात झाला की जो तो आपापली बाजू सावरून बोलतो. इथे मंडळी मोकळेपणाने बोलली, एकमेकांना खोडून काढत बोलली. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

टेमा हे राजधानी अक्राच्या शेजारचं बंदराचं आणि कारखान्यांचं शहर. नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या भारतीयांपैकी एक इंजिनिअर, त्याची बायको, दहा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील. वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चालायला खणखणीत, कानाने जरा कमी. सोबत इंजिनिअरचा सहकारी आणि त्याची बायको. सातवा माणूस पुण्याचा मित्र, कामासाठी अक्रात आलेला. त्याची उमेदीची वर्षं सह्याद्रीत भटकण्यात गेलेली. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट वगैरे त्याला नवी नाही. त्यामुळे डोंगरातलं काय ते तो बघेल, हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. गाडी कंपनीची आणि ड्रायव्हर ‘हो’ नावाच्या शहराकडचा, म्हणजे व्ली आहे त्या व्होल्टा प्रदेशातलाच, एवे भाषा बोलणारा.

अगुमात्सा नावाचा ओढा टोगोच्या बाजूच्या पठारावरून दोन टप्प्यांत खाली येतो, तोच हा धबधबा. पश्चिम आफ्रिकेतला सर्वांत उंच अशी त्याची घानात ख्याती आहे. नुसत्या खालच्या टप्प्याची उंची कुणी ६० मीटर सांगतं, कुणी ८०. खालच्या धबधब्याची वाट सोपी: गावातून निघायचं, जंगलातून जवळजवळ सपाटीने पाऊण तास चालायचं, वाटेत तोच ओढा छोट्या पुलांवरून नऊ वेळा ओलांडायचा. शेवटी उंच कडा, त्यावरून येणारं पाणी आणि खाली गुडघा-मांडीभर खोलीचं डबकं. तुषारांचा मारा एवढा की धारेकडे तोंड करून उभं राहवत नाही. माणसं पाठमोरी होऊन आत सरकतात. बाजूच्या कातळावर फळं खाणारी मोठी वटवाघळं हजारोंनी लटकलेली असतात. त्यांचा कलकलाट पाण्याच्या आवाजावरही ऐकू येतो.

वरच्या धबधब्याची वाट वेगळी. आधी कसावाची आणि कोकोची शेतं, मग मुळांचा आणि सुट्या मातीचा छातीवरचा चढ. जाऊन परत यायला चार-पाच तास सहज लागतात, आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जायचं नसतं.

अडचण

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला, निघाले पावणेसातला. व्होल्टा नदीवरच्या अदोमी पुलापाशी, अटिंपोकूला, बराच वेळ गेला. गाडी उभी राहताच तिथे बायका डोक्यावरच्या पराती घेऊन खिडक्यांशी येतात: परातीत अबोलो नावाचा वाफवलेला गोडसर पदार्थ आणि तळलेले इवलेसे मासे. माशांचं नावच ‘वन मॅन थाउजंड’. निम्मी गाडी शाकाहारी, पण मुलीला सगळं बघायचं होतं आणि आजोबांना सगळ्याचे फोटो काढायचे होते. व्लीला पोचायला पाऊण वाजला.

पाऊण ही आपल्याकडे सहलीला वाईट वेळ नाही, पण व्ली विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर आहे. तिथे उन्हाळ्याची लांबलचक संध्याकाळ नसते, आणि ऑक्टोबरात तर सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. मावळल्यावर अर्ध्या तासात मिट्ट काळोख. टेमात राहणाऱ्यांना हे माहीत होतं. पण घरातल्या दिव्यांखाली माहीत असणं वेगळं आणि जंगलाच्या वाटेवर त्याचा हिशेब करणं वेगळं.

त्यात पुण्याच्या मित्राला वरचा धबधबा बघायचाच होता. रविवारी रात्री त्याचं परतीचं विमान होतं.

पहिला निर्णय: तिकिटाच्या खिडकीपाशी

वाटाड्या चाळिशीचा, गावातलाच. त्याने वेळ ऐकली, आभाळ पाहिलं आणि म्हणाला, आज खालचा बघा, वरचा उद्या सकाळी बघू. सकाळी हवा चांगली असते. मंडळींनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, जाता येईल, पण उद्या बरं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, ठीक आहे, प्रयत्न करू.

इंजिनिअर आणि मित्र दोघांनी नंतर कबूल केलं की त्या क्षणी त्यांच्या मनात एकच विचार आला: याला दोन दिवसांचे पैसे हवेत.

समोर चार पर्याय होते. सगळ्यांनी खालचा धबधबा बघून परतायचं. सगळ्यांनी वर जायचं, जे आजोबा आणि मुलीमुळे बादच होतं. होहोए हे मोठं गाव २० किलोमीटरवर आहे, तिथे मुक्काम करून सकाळी वर जायचं. किंवा गट फोडायचा: तिघे पुरुष वाटाड्याबरोबर वर, बाकीचे खालच्या धबधब्यावर, आणि साडेपाचला सगळे गाडीपाशी.

मुक्कामाचा पर्याय जेमतेम दोन मिनिटं चर्चेत राहिला. कपडे आणले नव्हते, आजोबांच्या रात्रीच्या गोळ्या टेमात होत्या. गट फोडायचं ठरलं. खालच्या गटाबरोबर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा दिला गेला. दोन्ही गटांत फोन होते, पण सीमा इतकी जवळ की काहींचे फोन टोगोचं नेटवर्क पकडत होते आणि काहींना काहीच मिळत नव्हतं. हे कुणी तपासलं नाही.

आणि ड्रायव्हर? ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, चल म्हणायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिकिटाच्या खिडकीपाशी वाटाड्या आणि आतला माणूस एवेत काय बोलले ते त्याने ऐकलं होतं: दुपारनंतर वारा येणार, ही माणसं ऐकत नाहीत. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पाहुण्यांच्या बेतात ड्रायव्हरने आपणहून तोंड घालायचं नाही, ही शिस्त त्याला टेमातल्या नोकरीनेच लावली होती.

दुसरा निर्णय: चढावरच्या सपाटीवर

वरचा गट सव्वाला निघाला. पावणेतीनला झाडी जरा विरळ होते तिथल्या सपाटीवर पोचला. खाली व्लीची घरं, शेतं, दूर होहोएच्या दिशेला निळसर टेकड्या. वरचा धबधबा अजून पाऊण तासावर. वाटाड्या तिथे थांबला आणि म्हणाला, इथून परत.

पुढची पंधरा मिनिटं या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

मित्राने दोन गोष्टी पाहिल्या. वाटेत लागलेल्या झऱ्याचं पाणी स्वच्छ होतं, गढूळपणाचा मागमूस नव्हता. आणि समोरचं, म्हणजे पश्चिमेचं आभाळ मोकळं होतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हेच पाहायचं असतं. आपला पाऊस समुद्राकडून येतो, पश्चिमेला काळं झालं की आवरायला घ्यायचं. आणि वर कुठेतरी पाऊस झाला तर ओढ्याचं पाणी आधी रंग बदलतं, मग फुगतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून तर पुण्यातल्या प्रत्येक भटक्याचं लक्ष पाण्याच्या रंगावर असतं. मित्राचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाला धरून होता. फक्त तो अनुभव दुसऱ्या डोंगरातला होता.

पश्चिम आफ्रिकेतली पावसाळी वादळं बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर तिथे पूर्वेकडून जोराचा वारा वाहत असतो, तो ढगांच्या रांगांना पश्चिमेकडे रेटतो. आधी हवा कोंडते, पान हलत नाही. मग पूर्वेला काळी कमान दिसते, एकदम गार आणि जबरदस्त वारा सुटतो, झाडं वाकतात, आणि त्यानंतर पाऊस. व्लीत पूर्वेला काय आहे? कडा. टोगोचं पठार. म्हणजे येणारं वादळ डोक्यावर येईपर्यंत डोंगराआड राहणार, आणि पश्चिमेचं आभाळ शेवटपर्यंत निरभ्र दिसणार.

वाटाड्याची भीतीही वेगळी होती. मित्र पाण्याला भीत होता, वाटाड्या झाडांना. घानात या भीतीला अलीकडचं कारण आहे: १९ मार्च २०१७ ला किंतांपो धबधब्यात वादळाने मोठं झाड कोसळलं आणि खाली पाण्यात असलेल्यांपैकी वीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक शाळेची मुलं. तेव्हापासून धबधब्यावर काम करणाऱ्या माणसाची नजर आधी शेंड्यांकडे जाते. सपाटीवर उभा असताना वाटाड्या ओढ्याकडे पाहतच नव्हता, मान वर करून रानाकडे पाहत होता. मित्राला त्या वेळी त्याचं नवल वाटलं, पण ‘काय बघतोस’ असं काही त्याने विचारलं नाही.

पर्याय तीन: पुढे जायचं, लगेच फिरायचं, किंवा तिथेच अर्धा तास थांबून अंदाज घ्यायचा. सहकाऱ्याला फिरायचं होतं, पण तो गप्प राहिला. त्याचं म्हणणं, ज्यांना कळतं ते बोलत होते. इंजिनिअर थांबण्याच्या बाजूने. मित्र म्हणाला, तुमचे पैसे कापणार नाही, वर नेऊन आण. यावर वाटाड्याने वाद घातला नाही. त्याने एवढंच सांगितलं: डॅडी आणि छोटी खाली पाण्यात आहेत, तो मुलगा नवा आहे, मी त्यांच्याकडे जातो. आणि तो उतरायला लागला.

डॅडी म्हणजे आजोबा. तिथे वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. इंजिनिअर सांगतो, त्या वाक्यापर्यंत वर जाण्याचा आणि खाली सोडलेल्या माणसांचा काही संबंध आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो लगेच निघाला, मागोमाग सहकारी. मित्र दोन मिनिटं एकटा उभा राहिला आणि मग तोही निघाला. तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

खाली काय चाललं होतं

सव्वातीनला खालच्या मुलाने पाण्यातल्यांना बाहेर बोलावलं. कड्याच्या वरच्या कडेला उजेड बदलला होता, एवढंच त्याने नंतर सांगितलं. इंजिनिअरची बायको मुलीला घेऊन लगेच बाहेर आली. आजोबा वटवाघळांचं चित्रीकरण करत होते, त्यांना हाक ऐकू गेली नाही. मुलाने पाण्यात शिरून त्यांचा हात धरला. आजोबांना तो उद्धटपणा वाटला. तसं ते बोललेही, मराठीत.

ओले कपडे, चपला, पिशव्या आवरून निघेपर्यंत वीस मिनिटं गेली. दुसऱ्या पुलापाशी वारा आला. अगदी एकदम, कुणीतरी दार उघडल्यासारखा. वाट भरगच्च झाडांखालून जाते; मुलाने सगळ्यांना पुलाच्या पलीकडे, ओढ्याकाठच्या उघड्या जागेत, गोट्यांवर उभं केलं. आजोबांचा आग्रह होता की एवढ्या मोठ्या झाडाचा आडोसा सोडून पावसात कशाला भिजायचं. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तो सांगतोय ना, ऐका.” दहा-बारा मिनिटांनी ते सोडून आलेल्या वाटेवर मांडीएवढी फांदी पडली.

वारा उतरल्यावर दुसरी गोष्ट सुरू झाली: ओढा फुगायला लागला. उघड्या जागेत आता थांबता येईना. पुढचे पूल पार करताना पाणी तपकिरी झालं होतं आणि एका ठिकाणी फळ्यांच्या जेमतेम हातभर खाली होतं. त्याच ओल्या फळीवर आजोबा घसरले आणि डाव्या हातावर पडले. शेवटच्या टप्प्यात वरचा वाटाड्या समोरून धावत आला. त्याच्या मागे कसावाच्या शेतातून चिखलाने माखलेले तिघे, आणि ड्रायव्हर, हातात गाडीतल्या सगळ्या छत्र्या घेऊन. वरच्या तिघांना वादळाने शेतात गाठलं होतं. मोठी झाडं मागे राहिली होती.

तिसरा निर्णय: रात्रीचा रस्ता

पाच वाजता सगळे गाडीत. मनगट सुजलेलं. मित्राचं म्हणणं, बांधून घेऊ आणि सरळ टेमाला जाऊ. या वेळी ड्रायव्हर आपणहून बोलला: रात्री हा रस्ता नको, पावसात तर नाहीच, रस्त्यावर झाडं पडलेली असतील, दिवे नसलेले ट्रक उभे असतील. इंजिनिअरने क्षणभरही वाद न घालता होहोए गाठायला सांगितलं. तिथे क्ष-किरण तपासणीत मनगटाजवळच्या हाडाला चीर दिसली, प्लास्टर घातलं. कपडे नव्हते, गोळ्याही नव्हत्या. कपड्यांवाचून अडलं नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्या औषधाच्या दुकानात मिळाल्या. ज्या दोन कारणांनी दुपारी मुक्काम नाकारला, ती रात्री तासाभरात निकालात निघाली.

निष्पत्ती

आजोबांचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. मित्राने रविवारचं विमान गाठलं, वरचा धबधबा न बघता. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. वाटाड्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. इंजिनिअर त्याला बक्षिसी द्यायला पुन्हा व्लीला गेला तेव्हा कळलं की उरलेल्या वाटेसाठी तो जादा पैसे घेणारच नव्हता. घेतलेल्या पैशात सकाळी वर नेऊन आणायचं, असंच त्याच्या मनात होतं. सांगितलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

उशिरा निघणं ही चूक सगळ्यांनाच दिसते, त्यावर मी वेळ घालवणार नाही. व्लीला वरच्या धबधब्यासाठी जायचं तर आदली रात्र होहोएत किंवा गावातच काढावी, हे टेमातल्या कुणीही सांगितलं असतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते खिडकीपाशी विचारलेल्या प्रश्नाचं. “जाता येईल का?” या प्रश्नाला पाहुण्यापुढे नाही म्हणणं तिथे अवघड असतं, आपल्याकडच्या खेड्यातही असतं. त्याऐवजी “तुझी मुलं असती तर आज नेलं असतंस का, आणि नसतं तर कशाच्या भीतीने?” असं विचारलं असतं तर वारा, झाडं आणि पूर्व दिशा या तिन्ही गोष्टी पाऊण वाजताच बाहेर आल्या असत्या. पैशाचा संशय होता तर तोही तिथेच फोडायला हवा होता: आज नाही गेलो तर उद्याचे वेगळे द्यावे लागतील का? एका प्रश्नाचं काम होतं.

गट फोडणं मुळात गैर नव्हतं. पण जाणता वाटाड्या तीन धडधाकट पुरुषांबरोबर गेला आणि नवशिका मुलगा ज्येष्ठ माणूस आणि लहान मुलीबरोबर. हे वाटप कुणी केलं असं विचारल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेतलं. सोपी वाट म्हणून कमी अनुभवी माणूस, असा तो हिशेब होता. वाट सोपी असली तरी त्यावर नऊ पूल होते. ड्रायव्हर खालच्या गटाबरोबर गेला असता तर भाषेचा आणि हाताचा, दोन्हींचा आधार झाला असता. फोनवर काय लागतं काय नाही, ते गावातच एकमेकांना फोन लावून बघायचं होतं.

उरतो तो मित्राचा मुद्दा. त्याला हे विश्लेषण अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्याचं म्हणणं: पुढे गेलो असतो तर वादळाच्या वेळी आम्ही वरच्या धबधब्याच्या पायथ्याशी उघड्या कातळावर असतो, झाडाखाली नाही, मग काय बिघडलं असतं? वादळापुरतं ते बरोबर असेलही. पण साडेतीनला कातळावर अडकलेला माणूस पाऊस थांबेपर्यंत तिथेच राहतो, आणि तिथल्या अशा वादळामागे रेंगाळणारा पाऊस कधीकधी तासन्‌तास पडतो. चारनंतर तो चढ म्हणजे चिखलाची घसरगुंडी, सहानंतर अंधार, आणि तिघांत मिळून एक विजेरी. खाली आजोबांना पुलावर आधार द्यायला वाटाड्या नाही. यावर मित्राचं उत्तर असं की मग त्याने खिडकीपाशीच नाही म्हणायला हवं होतं. आमचा वाद तिथेच अडला आहे.